सुरक्षा समितीच्या अध्यक्षांचा बिल्ला

मित्रांनो, मी तांब्याच्या खाणीतला एक जुना पितळी बिल्ला आहे. वजन बावीस ग्रॅम, वर एक भोक. किटवे शहराजवळच्या आमच्या खाणीत उतरणारा प्रत्येक जण आपला बिल्ला फळ्याच्या लाल बाजूला टांगतो आणि वर आला की हिरव्या बाजूला. लाल बाजूला जितके बिल्ले, तितकी माणसे जमिनीखाली.

माझ्यावर कोणाचे नाव नाही. ‘अध्यक्ष, सुरक्षा समिती’ एवढेच कोरले आहे. संचालक मंडळात ते पद ज्याच्याकडे, त्याचा मी. प्रत्येक बैठकीआधी अध्यक्षाने खाणीत उतरून पाहणी करायची, असा मंडळाचाच ठराव होता.

नऊ वर्षे मी कसोंडेबाईंचा होतो. त्या भूगर्भशास्त्र शिकलेल्या. खाणीचे छत सळईने ठोकून आवाज ऐकायच्या. पोकळ वाजले, की तिथले काम बंद.

फळा सांभाळणारे कतोंगो म्हणायचे, “बाई, तुम्ही आलात की काम थांबतं आणि आम्हाला मक्याची न्शिमा गरम गरम खायला मिळते!”

“मग रोज येऊ?”

“नको बाई! मग साहेब लोक मलाच फळ्यावर टांगतील.”

गेल्या वर्षी मंडळाने समित्या बदलल्या. कसोंडेबाई वेतन समितीवर गेल्या. मी सिकाझ्वेसाहेबांकडे आलो. ते आकडेमोडीत हुशार होते, पण माणसांना खाणीत नेणाऱ्या पाळण्यातून खाली उतरायची त्यांना भीती वाटे आणि ती सांगायची लाज. कतोंगो दिवे वाटण्यात गुंतले, की ते मला गुपचूप लाल बाजूला टांगत, कचेरीत चहा घेत आणि अर्ध्या तासाने काढत. नोंदवहीत भेट दिसे. असे तीनदा झाले.

चौथ्या वेळी बैठकीचे बोलावणे लवकर आले. मला लाल बाजूलाच विसरून ते गाडीत बसले.

त्याच सकाळी नवव्या पातळीवरचे छत कोसळले. भोंगा वाजला. माणसे धावत वर आली. एकेक बिल्ला हिरव्या बाजूला गेला. लाल बाजूला मी एकटा उरलो.

“अध्यक्ष खाली आहेत!” कतोंगो ओरडले. साहेबांचा फोन बंद होता.

बचाव पथकाचे मुताले टोपीचा पट्टा आवळत म्हणाले, “बाबा रे, यांना आजच यायचं होतं? कतोंगोदादा, घरी माझ्या चोलाच्या आईला निरोप द्या, जेवायला उशीर होईल.” त्यांनी आपला बिल्ला माझ्या शेजारी टांगला आणि ते खाली उतरले. मला ओरडता आले नाही.

तासाभराने दगड पुन्हा कोसळले. मुताले वर आले नाहीत. दुपारी साहेबांचा फोन लागला. ते बैठकीतच होते.

मंडळाने आता समित्या पुन्हा बदलल्या आहेत. तीन ओळींचे पत्रक फळ्याशेजारी लावले आहे. त्यात मुतालेंचे नाव नाही.

मित्रांनो, मला कोणाच्याही हाती द्या. पण जो मला लाल बाजूला टांगेल, त्याने खाली उतरलेच पाहिजे. मुतालेंचा बिल्ला अजून तिथेच आहे. तो हिरव्या बाजूला न्यायला कतोंगोंचा हात उठत नाही.