विष्णुपंत हलले नाहीत

अबे श्याम, तू नुसतं ऐक. मधात बोलू नको, नाहीतं माझा धागा सुटून जाते.

तुले तं माहीतच आहे, वर्षभरापासून मी एकच गाणं गाऊन राहिलो: मले माझी स्वतःची फिल्म काढायची आहे. मुंबईवाल्यांसारखी राजा-राणीची नाही. माझी! केस वाढवले, आरशात पाहून कपाळाले आठ्या पाडायले शिकलो. फक्त फिल्म कशाची काढायची तेवढंच सुचत नव्हतं.

सदर बाजारातल्या फोटोवाल्या रामकृष्णजींनी हँडल फिरवायचा जुना कॅमेरा दिला, आन् रीळ एकच. पाच मिनिटांची. मी ठरवलं, भेडाघाटचे संगमरवरी डोंगर पाण्यात उलटे दाखवायचे. भल्ली गहन गोष्ट! तेवढ्यात आपल्या मंडळाचे सेक्रेटरी विष्णुपंत टपकले.

"गुणवंता, दगड काय कुणीही दाखवेल. मंडळाला पंचवीस वर्षं झाली, आमची फिल्म काढ. गणपतीत दाखवू. पडदा, मशीन, सगळं माझ्याकडे लागलं."

गेले माझे डोंगर.

रविवारी सकाळी मंडळाच्या अंगणात एकवीस जण, पगड्या-उपरणी घालून. मधात पंत, गळ्यात पोटापर्यंत झेंडूचा हार. मी हँडल फिरवलं आन् पाहतो तं काय, सारे पुतळे! काहून? अबे, वीस वर्षं रामकृष्णजींनी त्यायले फोटोसाठी दरडावलं, "हलू नका, श्वास रोखा!" तेच आंगात मुरलं. मी ओरडलो, "काका, चला, फिरा, हा सिनेमा आहे!"

पंत ओठ न हलवता म्हणे, "गप रे. बिघडेल."

अर्धी रीळ अशीच गेली. मी रडकुंडीले आलो.

मग आली शेजारच्या नथ्थूची बकरी. सीधी पंतांजवळ, आन् लागली ना हार खायले, खालून वर! पंत ढिम्म. नुसते डोळे फिरवून राहिले. बकरीची दाढी पंतांच्या मिशीले टेकली, तरी माणूस हलला नाही! इतक्यात मंडळाच्या स्वयंपाकघरातून रांधणाऱ्या बेबीताई झारा घेऊन धावल्या, "हट् मेली, हट्!" झारा चुकला, बसला पंतांच्या पोटावर. तरी नाही!

आन् खरं सांगू? मी थांबलो नाही. तिपाईसकट कॅमेरा उचलला, पार जवळ नेऊन ठेवला आन् हँडल मारत राहिलो. कोणी शिकवलं नव्हतं बे. आठ्या पाडायची आठवणही नाही राहिली.

काल कमिटीले फिल्म दाखवली. पंत खूश, "वा, काय शिस्त, काय गांभीर्य!" मग बकरी आली. मागं बसलेल्या बायकायले हसू आवरेना. बेबीताई ओरडल्या, "गुणवंता, अजून एकडाव लाव रे! अरे, ते मीच होय ना?"

पंतांनी मशीन बंद केलं. माझ्या हातात कैची दिली.

"एवढी बकरी काढून टाक. उद्या दाखवू, पदकही देऊ. नाहीतर पडदा मिळणार नाही, मशीनही नाही. मग दाखव तुझ्या नथ्थूच्या गोठ्यात." वरून खांद्यावर हात ठेवून म्हणे, "तुझी स्वतःची नजर आहे हो, गुणवंता. त्या पहिल्या भागात."

हा पाह्य रिळाचा डबा, काखेत. कैची खिशात टोचून राहिली. माझी आई गल्लीभर सांगून बसली की पोराची फिल्म उद्या लागते. आन् त्या पुतळ्यांत माझं काहीच नाही, श्याम. जे आहे ते बकरीपासून पुढं.

चलो, आता बोल. तू काय केलं असतं?