उजवीकडची खुर्ची

डॉक्टरांनी तिच्या कानात बारीक उजेड टाकून बराच वेळ डोकावून पाहिलं, मग स्टूल मागे सरकवलं आणि म्हणाले, "पडदा छान भरून आलाय. उडायला हरकत नाही." सही होईपर्यंत ती शहाण्यासारखी बसून राहिली. जिन्यात मात्र ती दोन-दोन पायऱ्या एकदम उतरली.

जवळजवळ वर्ष झालं होतं. विमान उतरवताना एकदा कानात कुणीतरी सुई खुपसल्यासारखं झालं, मग तपासण्या, मग ऑपरेशन, आणि मालवाहू विमानात उजवीकडच्या खुर्चीत बसणारी ही बाई घरी सक्तीच्या रजेवर आली. डावी खुर्ची कॅप्टनची, उजवी त्याच्या जोडीदाराची. डावीकडे सरकायला तिला थोडंच उरलं होतं, तेवढ्यात हे झालं.

घरात सोबतीला सासूबाई. नवराही वैमानिकच, पण तो एका बड्या उद्योगपतीचं खासगी जेट उडवायचा. मालकाच्या मनात आलं की निघायचं आणि मालकाचं मन भरलं की परतायचं. त्यामुळे तो घरी यायचा तो आला म्हणेपर्यंत जाण्यासाठीच. सासूबाई म्हणायच्या, "माझा मुलगा मला फोनमध्येच बरा दिसतो. समोर येऊन बसला की आधी नीट निरखून घ्यावं लागतं, आपलाच आहे ना म्हणून."

दोघंही उडत होते तेव्हा तिला याचं काही वाटलं नव्हतं. तो नसायचा तेव्हा तीही नसायची. विरह निम्मा-निम्मा वाटून घेतलेला. घरी बसल्यावर तो सगळाच्या सगळा तिच्या वाट्याला आला. तो आला की न्हाणीघरातला नळ अर्धवट बंद करायचा, आणि त्या टपटपीवरून पूर्वी दोघांची भांडणं व्हायची. आता नळ दिवसचे दिवस कोरडा असायचा आणि तिला त्या कोरड्या नळाचाच राग यायचा. भाजी निवडता निवडता वरून विमान गेलं की ती आवाजावरून ओळखायची, हे प्रवासी, हे आपलं मालवाहू. छोट्या जेटचा आवाज आला की मात्र ती गॅलरीत जायची. ते त्याचं नाही हे माहीत असूनही जायची.

डॉक्टरांकडून आली त्याच संध्याकाळी दोन फोन आले. पहिला मालवाहू कंपनीच्या चीफ पायलटचा. हा माणूस बोलायला तुटक, पण मनाचा मोकळा. "फिट झालीस असं कळलं. काही महिने उजवीकडे बस, हात बसू दे. मग डावीकडे. तुझी पाळी मी कुणाला दिलेली नाही."

दुसरा नवऱ्याचा, कुठल्यातरी हॉटेलच्या खोलीतून. आवाजात इतका आनंद की ती सावध झाली.

"फौजदार, ऐक," तो म्हणाला. विमान सुरू करण्याआधीची यादी ती इतकी कडक वाचायची की शिकत असल्यापासून त्याने तिला हेच नाव ठेवलं होतं. "माझा को-पायलट सोडून चाललाय. मी मालकांशी बोललो. तुला घेतील, प्रशिक्षणही ते देतील. मी डावीकडे, तू उजवीकडे. जिथे मी तिथे तू. ऐकतेयस ना?"

"ऐकतेय. कान बरा झालाय माझा."

"मग गप्प का?"

गप्प होती, कारण वर्षभर तिने जे मागितलं होतं ते कुणीतरी ताटात वाढून पुढे केलं होतं, आणि तिचा हात पुढे होत नव्हता.

"बघू," ती म्हणाली. त्यानेही ताणून धरलं नाही. "नुसतं बघायला तरी ये," म्हणाला. मालकांना आणायला समुद्रकाठच्या एका गावी रिकामं विमान जाणार होतं, मागच्या जागेवर बसवून तिला नेता येत होतं. सासूबाईंनी तिची बॅग स्वतः भरली. त्यात दोन बऱ्या साड्या कोंबल्या आणि म्हणाल्या, "घरच्या कपड्यांत बसलीस तर तो तुला घरचीच समजेल."

विमान देखणं होतं. मऊ कातड्याच्या खुर्च्या, पाऊल बुडेल असा गालिचा, आणि इंजिनाचा आवाज इतका कमी की तिला चुकल्याचुकल्यासारखं झालं. पुढचं दार उघडं होतं. तिथून तिला नवऱ्याची मान दिसत होती, केस नुकतेच कापलेले, कानामागे एक पांढरी बट. ही बट तिने आधी पाहिली नव्हती. विमान त्याने असं उतरवलं की चाकं टेकली ती कळलीच नाही. तिला त्याचा अभिमान वाटला, आणि हेवाही.

मालक दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होते. सकाळचं दुपारवर गेलं, दुपारचं उद्यावर, आणि मग कुणी काही सांगेनासंच झालं. तिला त्याचं वाईट वाटलं नाही. लग्नानंतर एवढा सलग वेळ त्यांना मिळाला नव्हता. सकाळी उशिरापर्यंत लोळणं, खिडकीतून पाण्याकडे बघत चहा, बंधाऱ्यावरून हातात चपला घेऊन चालणं. तो तिला हसवायचा, मालकांच्या घरच्या लोकांच्या नकला करायचा. ती त्याची पांढरी बट शोधून काढून ओढायची. आपण उगाच अडून बसलो, असं तिला दोनतीनदा वाटून गेलं.

फक्त तो फोन. जेवताना ताटाशेजारी, पोहायला गेला तर काठावर बुटावर ठेवलेला, झोपताना उशीखाली. विमानतळापासून फार लांब जायचं नाही, जेवणाबरोबर एक ग्लास वाइनही घ्यायची नाही, कारण केव्हा बोलावतील सांगता येत नाही.

एका दुपारी बंधाऱ्यावर बसून तिने त्या वर्षाबद्दल बोलायला सुरुवात केली. ती अशी बोलणारी नव्हती, त्यामुळे जुळवाजुळवीला वेळ लागला. "तू गेलास ना, की त्या नळाची..." एवढं तिने म्हटलं आणि फोन थरथरला. त्याने हात वर केला, थांब म्हणून. तो उठून लांब गेला, पाठ ताठ करून बोलला, हसला, होहो म्हणाला. परत आला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता.

"मालकांच्या सेक्रेटरी. त्यांच्या कुत्र्याला विमानात उलटी होते, पुढे बसवावं का मागे, विचारत होत्या." तो शेजारी टेकला. "हं. तू काय सांगत होतीस?"

"काही नाही रे."

त्याने पुन्हा विचारलं नाही. त्याचे डोळे फोनवर होते, अजून काही येतंय का ते बघत.

मालक अखेर आले तेव्हा कुत्रंही आलं आणि शांतपणे झोपून गेलं. मालक माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी वाट बघायला लावल्याबद्दल तिची माफी मागितली, समोरची खिडकीची जागा तिला दिली आणि ढग लागल्यावर अगदी आपुलकीने म्हणाले, "तुम्ही या. मलाही बरं होईल. घरी बायको वाट बघत असली की पायलट सारखा घड्याळ बघतो. तुम्ही दोघंही इथेच असलात की घाई कुणालाच नाही."

त्यांना यात चांगलंच काही दिसत होतं. तिने मान डोलावली आणि बाहेर बघत राहिली.

घरी आल्यावर ती विमानतळावर मालवाहू कंपनीची विमानं उभी असतात तिथे गेली. भर दुपार होती. तिच्या ओळखीचं जुनं, पोट सुटलेलं विमान उभं होतं आणि त्याच्यात भोकाभोकांच्या खोक्यांची रास चढत होती. खोक्यांत कोंबडीची नुकती जन्मलेली पिल्लं होती. हजारो पिल्लांचा चिवचिवाट त्या लोखंडी पोटात घुमत होता. माल चढवून घेणारा लोडमास्तर तिला बघून म्हणाला, "या बाई. आज प्रवासी फार कटकटे आहेत. सगळेच एकदम बोलतात."

ती हसली, आणि हसता हसता तिने खोल श्वास घेतला. पुठ्ठा, रॉकेल, ओलं लाकूड हा वास तिने वर्षभर नाकात साठवून ठेवल्यासारखा होता, आणि तो साठा संपत आला होता.

चीफ पायलट कॉकपिटच्या दारात उभा होता. "काय ठरलं?"

"मला माझे सुट्टीचे दिवस आधी कळतील ना, सर?"

"महिन्याचं वेळापत्रक भिंतीवर लागतं. बदललं तर मी स्वतः फोन करतो, आणि शिव्या खातो."

तो बाजूला झाला. ती आत गेली आणि डावीकडच्या खुर्चीत न बसता नुसता तिच्या दांडीवर हात ठेवून उभी राहिली. रेक्झिन फाटलेलं होतं, त्यावर कुणीतरी चिकटपट्टी लावली होती. आपल्याला हे हवंय, हे तिला इतकं साफ कळलं की लाज वाटली. नवऱ्याच्या शेजारची खुर्ची रिकामी होती आणि ती या फाटक्या खुर्चीसाठी जीव टाकत होती.

तो घरी आला तेव्हा तिने स्वयंपाकघरातच सांगितलं. सासूबाई गॅलरीतले कपडे काढायला निघून गेल्या. कपडे अजून ओले होते.

"मी मालवाहूवर परत जातेय."

तो मिठाच्या बरणीचं झाकण फिरवत राहिला. "डाव्या खुर्चीसाठी?"

"त्यासाठीही. खोटं कशाला सांगू."

"आणि?"

"तिकडे समुद्रावर तू माझ्या शेजारी बसला होतास, आणि तरी मी तुझी वाटच बघत होते. इथे बसून बघते तेव्हा निदान तू येशील असं वाटतं."

हे त्याला लागलं. लागलं की तो नेहमी विनोद करायचा, या वेळी केला नाही.

"तू येशील का इकडे?" तिने विचारलं. "आमच्याकडे?"

"खोकी वाहायला?" तो म्हणाला आणि लगेच त्याने डोळे मिटले. "तसं नव्हतं म्हणायचं. ते विमान माझ्या हाताला बसलंय गं. ते सोडलं तर मी घरी येईन, पण येईल तो कसला येईल, मलाच ठाऊक नाही."

"म्हणून तर मी सोड म्हटलं नाही."

"हॉटेलात संध्याकाळी फार एकटं वाटतं," तो म्हणाला. इतक्या वर्षांत हे त्याने पहिल्यांदाच सांगितलं. "वाटलं होतं, तू शेजारी असलीस तर..."

तिने त्याचा हात झाकणावरून काढून आपल्या हातात घेतला. सासूबाई ओले कपडे घेऊन आत आल्या तेव्हाही ते तसेच बसले होते.

ती रुजू झाली आणि पुढच्या थंडीत तिला डावी खुर्ची मिळाली. तिच्या सुट्ट्या भिंतीवर लागायच्या, त्याच्या कधीच कुठे लागायच्या नाहीत. तिच्या सुट्टीत तो आला तर आला. ती घरी असताना तो नसला की ती रडायची नाही, पण रात्रीचं जेवण वाढायला मुद्दाम उशीर करायची.

एके दिवशी दुपारी ती विमानात यंत्रांचे सुटे भाग घेऊन चालली होती. खाली ढगांचं पांढरं पठार. शेजारी तिचा को-पायलट, फौजेतून आलेला, तिच्याहून वयाने मोठा. रेडिओवर विमानांचे नेहमीचे आवाज चालले होते, आणि त्यातच एका आवाजाने खाली उतरण्याची परवानगी मागितली. ती सरळ बसली. नवरा कोणत्या देशात आहे हेही तिला त्या दिवशी ठाऊक नव्हतं.

"आता बोलायचं मी बघते," तिने को-पायलटला सांगितलं.

रेडिओवर खासगी बोलायची सोय नसते. तिची पाळी आली तेव्हा तिने आपल्या विमानाचा नंबर, आपली उंची, पुढचा टप्पा एवढंच सांगितलं, नेहमीपेक्षा जरा सावकाश. नंतर त्याने आपल्याला दिलेली उंची जमिनीवरच्या कंट्रोलरला परत वाचून दाखवली, आणि शेवटी, काही गरज नसताना, म्हणाला, "नमस्कार."

कंट्रोलरला वाटलं आपल्यालाच. त्याने भारावून उलट नमस्कार केला.

"ओळखीचे का?" को-पायलटने विचारलं.

"घरचे."

उजवीकडे खूप खाली, ढगांच्या कडेला, एक बारीक ठिपका उतरत होता. तो त्याचाच असेल असं नव्हतं. ती तो ढगात शिरेपर्यंत को-पायलटच्या खांद्यावरून बघत राहिली. तोवर कंट्रोलरने तिला पुढच्या केंद्राचा रेडिओ-नंबर देऊन निरोप दिला होता. नंबर लावला की हा आवाज बंद होणार होता. तिने बटणावर बोट ठेवलं. तिकडून त्याने आणखी एकदा, एखाद्या परक्या विमानासारखं, आपली उंची सांगितली. ती तिने शेवटपर्यंत ऐकली आणि मग बटण फिरवलं.