झाकणातला खिळा

वर्षाराणीने दोऱ्याला टांगलेला लोहचुंबक तिसऱ्यांदा डबीजवळ नेला. तो गर्रकन झाकणाकडे वळला. तिने डोळे मिटले. शनिवारचा उपास, पोटात नुसता चहा, आणि समोर उचगावचे गुंडू मिस्त्री लेथपाशी निवांत तंबाखू मळत बसलेले.

"मिस्त्री, ह्यात लोखंड आहे."

"न्हाय हो ताई. सगळं ॲल्युमिनियम हाय की."

पहिल्या खेपेला त्यांनी पोलादी स्क्रू बसवले होते, का तर पितळेचे आटे झिजतात. दुसऱ्या खेपेला स्क्रू पितळी, पण वायसर पोलादी. उद्या सकाळी ही काडेपेटीएवढी डबी घेऊन ती मुंबईच्या अणुभट्टीवर निघणार होती. पाच वर्षं घोटून केलेला चुंबकी द्रव डबीत भरायचा नि त्यावर न्यूट्रॉनचा झोत सोडायचा. यंत्र तीन दिवसच तिचं. हुकलं तर पुन्हा नंबर थेट वर्षभराने.

"किती वेळा सांगू? ते न्यूट्रॉन शिस्तीत एका दिशेला तोंड करून येतात. वाटेत एवढंसं लोखंड आलं की तोंडं फिरतात. मग माझ्या द्रवानं काय केलं नि तुमच्या लोखंडानं काय केलं, हे कळायचं कसं?"

"आमच्या थोरल्यागतच की. वाटेत टपरी आली की फिरलं तोंड."

ती हसली नाही. सुरीच्या टोकाने तिने झाकण आतून खरवडलं. एमसीलचा खपला निघाला, आणि त्यामागून वाकवलेला काळा खिळा.

"हे काय?"

मिस्त्रींचा अंगठा थांबला. "काळ्या घोड्याच्या नालाचा हाय. डबी एवढी लांब चाललीया, मोठमोठ्या सायबांच्या नजरा पडणार. पाच वर्सं घातली म्हणलासा न्हवं तुम्ही."

राग ओठांपर्यंत आला आणि तिथेच अडकला.

"ते भोक ॲल्युमिनियमनंच बुजवा," ती हळूच म्हणाली.

"आन् खिळा?"

"माझ्या देव्हाऱ्यात ठेवते. तिथनं राखील तो."

तासाभराने चुंबक डबीपाशी सरळ लोंबला, हलला नाही.

सकाळी गाडी दारात लागली, तर पुढे लिंबू-मिरची डुलत होती आणि शेजारी गुंडू मिस्त्री उभे. तिने तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "लिंबाची तार तांब्याची हाय, ताई. चुंबक लावून बघितलंय."

लिंबामागे अख्खी लोखंडी गाडी उभी होती. वर्षाराणी गाडीत शिरली. डबी मांडीवर घेऊन बसली.