गोगलगाईचा ठसा

मित्रांनो, मी एक जुना ठसा आहे. कचेरीतल्या कागदावर शाईने उमटतो, तो नव्हे. मी साबणाचा ठसा. माझ्या तोंडावर एक गोगलगाय कोरलेली आहे. हसलात ना? खुशाल हसा. मला पहिल्यांदा पाहणारा प्रत्येक जण हसतोच, आणि त्या हसण्यावर एका घराची चूल वर्षानुवर्षे पेटत राहिली. म्हणून मला हसणाऱ्यांचा राग येत नाही.

मी ज्यांच्या घरचा, त्यांना सगळे साबणवाल्या काकू म्हणतात. यजमान गेल्यावर घरात त्या आणि त्यांची नणंद अशा दोघीच उरल्या. काकू नणंदेला वन्सं म्हणत, म्हणून मीही वन्संच म्हणतो. मागच्या खोलीत दोघी साबण करत. तेल कोमट करायचे, त्यात कॉस्टिक सोड्याचे झोंबरे पाणी बेताने सोडायचे, हात भरून येईपर्यंत घोटायचे, लाकडी साच्यात ओतायचे. दुसऱ्या दिवशी तारेने वड्या कापून फळ्यांवर वाळत ठेवायच्या. ही वाळवणीच मोठी चिकाटीची गोष्ट. काकू महिना-दीड महिना वडीला हात लावू देत नसत. कोवळा साबण अंगाला झोंबतो आणि पाण्यात लगेच गळतो, असे त्या सांगत. कोपऱ्यावरचा दुकानदार मात्र वैतागून जाई. "काकू, तुमचा साबण म्हणजे निव्वळ गोगलगाय! निघतो कधी, पोचतो कधी!" असे तो भर दुकानात म्हणे आणि गिऱ्हाइके हसत.

तेव्हा माझा जन्म झाला नव्हता. पुढची गोष्ट मी वन्संच्या तोंडून इतक्यांदा ऐकली आहे की, आपण तिथे हजर होतो असेच मला वाटते.

एके दिवशी शाळेतल्या एक बाई कागदात गुंडाळलेली अर्धी वडी घेऊन काकूंच्या दारात उभ्या राहिल्या. त्यांच्या तान्ह्या मुलीच्या अंगावर लाल चट्टे उठले होते. "तुमच्याच साबणाने हे झालं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला होता आणि डोळे भरलेले होते. काकूंनी वडी नाकाशी नेली. ती त्यांची नव्हती. दुसऱ्याच कुणाची तरी, घाईने विकलेली होती. पण हे पटवायचे कसे? दुकानदाराने सगळ्यांचे साबण एकाच खोक्यात भरले होते. काकूंनी त्याला विचारले, तर तो म्हणाला, "सगळेच पांढरे चौकोन. कुठला कुणाचा, मला काय ठाऊक?"

गल्लीत बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो! आठवडाभरात साबणाची मागणी थांबली. फळ्यांवर वाळलेल्या वड्या तशाच राहिल्या. दोघींचे पोट त्याच वड्यांवर होते. शेवटी वन्संच म्हणाल्या, "वहिनी, आपल्या साबणाला तोंडच नाही हो. ज्याला तोंड नाही, त्याच्यावर कुणीही आळ घ्यावा."

दुसऱ्या दिवशी दोघी कोरीव काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या सुताराकडे गेल्या. काकूंना फूल हवे होते. सुतार म्हणाला, "फूल कोरून देतो की. पण फूल सगळ्यांच्याच साबणावर असतं. लोक तुमच्या साबणाला काय म्हणतात?" काकू पदर सारखा करू लागल्या. वन्संना मात्र हसू आवरेना. "गोगलगाय म्हणतात!"

"वन्सं, पुरे!" काकू चिडल्या. "साबणावर गोगलगाय? ती बुळबुळीत गोगलगाय? लोक नाक मुरडतील."

"मुरडू देत," सुतार म्हणाला. "विसरणार तर नाहीत ना?"

असा मी जन्माला आलो. मुठीत बसेल एवढा लाकडाचा ठोकळा, धारदार पटाशीने कोरलेला. सुताराने माझ्या गोगलगाईला पाठीवर गोल शंख दिला आणि पुढे दोन शिंगे दिली. त्याचे हात थरथरत, पण कोरताना थरथर कुठे जाई कोण जाणे. त्या हातांचे उपकार मी विसरलेलो नाही.

वडी कापल्यावर ती बोटाला चिकटणार नाही, पण दाबली तर दबेल, अशी एक वेळ असते. तेवढ्यात मला तेलाचे बोट लावून वडीवर ठेवायचे आणि तळहाताने सरळ दाबायचे. माझा पहिला ठसा तिरका उमटला. दुसऱ्याला शिंगेच आली नाहीत. तिसरा मात्र असा उमटला की, वन्संनी टाळी वाजवली आणि काकू कितीतरी दिवसांनी हसल्या.

त्या वड्या वाळल्यावर काकूंनी एक वडी घेतली आणि त्या थेट शाळेतल्या बाईंच्या घरी गेल्या. "ही माझी. हिच्यावर माझी खूण आहे. काही झालं तर ही खूण दाखवत माझ्या दारी या," एवढेच बोलून परतल्या. बाई पुन्हा आल्या, पण आणखी वड्या मागायला. मग शाळेतल्या दुसऱ्या बाई आल्या, त्यांच्या जावा आल्या, शेजारणी आल्या. दुकानात लोक "ती गोगलगाय द्या" म्हणून मागू लागले आणि दुकानदाराला आमच्या वड्यांसाठी वेगळे खोके ठेवावे लागले. काकूंची साखर तोलता तोलता तो म्हणाला, "वाटलं नव्हतं हो. तुम्ही म्हणजे गोगलगाय नि पोटात पाय!" काकूंनी त्याला साखरेचे वजन नीट करायला सांगितले.

मित्रांनो, त्या दिवसांत मला थोडा गर्व झाला होता. पण साबणाचा ठसा असण्यात एक गंमत आहे. माझी खूण चार-दोन आंघोळींतच पुसली जाते. गोगलगाय पाण्याबरोबर वाहून जाते आणि वडी पुन्हा साधीच होते. पुढे महिनाभर त्या वडीलाच स्वतःची लाज राखावी लागते. मी फक्त ओळख करून देतो, संसार तिला करायचा असतो. हे मला नीट कळले ते एका मोठ्या मागणीच्या वेळी.

गावाबाहेरच्या एका मोठ्या हॉटेलच्या मॅनेजरांनी सगळ्या खोल्यांसाठी गोगलगाईचा साबण मागवला, आणि तोही लवकरात लवकर. एवढी मागणी त्या घरात कधीच आली नव्हती. नवी पातेली आली, नव्या फळ्या ठोकल्या गेल्या, छप्पर दुरुस्त करण्याचे बेत ठरले. मी दिवसभर वड्यांवर उमटत होतो. पुढे वड्या वाळल्या आणि रिवाजाप्रमाणे काकूंनी त्यातल्या एकीने आधी स्वतःचे तोंड धुतले. धुतले आणि गाल धरून तशाच उभ्या राहिल्या. गालाची आग होत होती. मोठ्या पातेल्याच्या हिशेबात कॉस्टिक जास्त पडले होते. दुसरी वडी पाहिली, तिसरी पाहिली. सगळ्यांची तीच गत.

वन्संचे तोंड उतरले. त्या हळूच म्हणाल्या, "वहिनी, हॉटेलातली माणसं एक रात्र राहतात नि जातात. कोण येतंय तक्रार करायला?"

"वन्सं, ज्याच्या गालाची आग होईल, तो हातातल्या वडीकडे बघेल की नाही?" काकू म्हणाल्या. "आणि तिच्यावर कोण दिसेल?"

त्यांनी सुरी घेतली आणि पहिल्या वडीवरची गोगलगाय खरवडून काढली. मी खिळ्याला टांगलेला होतो, समोरच. एकेक गोगलगाय भुगा होऊन खाली पडत होती आणि मला ते बघवत नव्हते. पण एवढा मान मला कुणी कधीच दिला नव्हता, हेही तेव्हाच कळले. नकली मालावर मी दिसू नये म्हणून नव्हे, तर आपल्याच बिघडलेल्या मालावर मी दिसू नये म्हणून ती बाई आपली सगळी मेहनत खरवडत होती. थोड्या वेळाने वन्संनी डोळे पुसले, दुसरी सुरी आणली आणि त्याही शेजारी बसल्या. त्या वड्या पुढे बरेच दिवस मोऱ्या घासायच्या कामी आल्या.

काकू हॉटेलात गेल्या, तेव्हा मी त्यांच्या पिशवीत होतो. सोबत खरवडलेली एक वडीही होती. "माल बिघडला. नवा करून वाळवायला महिना-दीड महिना लागेल," काकूंनी एका दमात सांगून टाकले. मॅनेजर भडकले. आता ऐन वेळी साबण कुठून आणू, म्हणाले. मग त्यांनी ती वडी मागितली, बेसिनवर हात धुतले आणि लगेच फडक्याला हात चोळत परत आले.

"बापरे! हे पाहुण्यांच्या अंगाला लागलं असतं तर माझी काही धडगत नव्हती," ते म्हणाले. काकू मान खाली घालून उभ्या होत्या. मॅनेजरांनी वडी त्यांच्या हातात परत दिली. "जा, नवा करा. तोवर मी दुसरीकडून भागवतो. आणि काकू, चूक माझीही आहेच. गोगलगाईला मागणी द्यायची आणि वर घाईही करायची!"

घरी परतताना काकू पिशवी छातीशी धरून चालत होत्या. त्या रडत होत्या की हसत होत्या, हे आतून मला कळले नाही. नवा साबण वाळला, हॉटेलात गेला आणि छप्परही दुरुस्त झाले.

पुढे काम इतके वाढले की माझे लाकूड झिजले. एकदा मी हातातून निसटून फरशीवर पडलो आणि माझ्या गोगलगाईचे एक शिंग तुटले. तशाच एकशिंगी गोगलगाई कितीतरी घरांत गेल्या. अखेर काकूंनी पितळेचा ठसा करायला टाकला. कारागिराने मला उलटसुलट करून पाहिले आणि दुसरे शिंग नीट कोरून देतो, असे सांगितले. काकूंनी मान हलवली. "नको. लोक आता हिलाच ओळखतात. आहे तशीच करा."

त्या क्षणी मला काय वाटले, ते कसे सांगू? माझे व्यंगसुद्धा त्या माउलीने आपले मानले. आज पितळेचा भाऊ माझे काम करतो, आणि माझ्यापेक्षा चांगले करतो. मी खिडकीत बरण्यांच्या मागे पडून असतो. माझ्यावर धूळ बसते, मग वन्सं कधी तरी पदराने पुसतात. सुताराचा, काकूंचा, वन्संचा, इतकेच काय, मला हसलेल्या प्रत्येकाचा मी ऋणी आहे.

मित्रांनो, उद्या तुम्हीही काहीतरी कराल. कुणी पाव भाजेल, कुणी चपला शिवेल, कुणी खुर्च्या बनवेल. काम लहान असले तरी त्याला आपली खूण जरूर द्या, नाहीतर तुमचे चांगले काम दुसऱ्याच्या खोक्यात हरवेल. आणि खूण दिलीत, की तिला जपा. ती पुसून स्वच्छ ठेवणे म्हणजे जपणे नव्हे. कुणी ती खूण हातात घेऊन तुमच्या दारी आले, तर तुम्हाला दार उघडायची भीती वाटू नये, एवढीच काळजी घ्या.