मास्तरांचं मत

"मुलगा नको, तूच चल आत." मतदान केंद्राच्या दारातच मास्तरांनी त्यांना सांभाळणाऱ्या बाईचं मनगट धरलं. "तो मेला त्याच्याच आवडीचं बटण दाबेल. तुझ्यावर माझा डोळे मिटून विश्वास आहे. आता मिटायचीही गरज उरली नाही म्हणा!"

मास्तरांच्या मुलाचं तोंड एवढंसं झालं. अंध मतदारासोबत एक माणूस चालतो, म्हणून अधिकाऱ्याने मान हलवली. बाई कित्येक वर्षं मास्तरांना आंघोळ घालत होती, भरवत होती. तिला हे काय जड? पण ती नदीपलीकडची. आणि देशातल्या सर्वांत मोठ्या खुर्चीसाठी उभा असलेला तो मिशीवाला भर सभेत, लाजलज्जा सोडून सांगत होता, नदीपलीकडचे सगळे दगाबाज, निवडून आलो की एकेकाला हाकलतो. असल्याला कोण मत देतंय, असं जो तो म्हणायचा. मास्तरही म्हणायचे. मग सभांना एवढी गर्दी करत होतं तरी कोण? दूधवाल्यापासून शेजारणीपर्यंत बाई सगळ्यांची तोंडं निरखत होती. मास्तरांवर मात्र तिने चुकूनही संशय घेतला नव्हता.

पुठ्ठ्याच्या आडोशामागे मास्तर तिच्या कानाशी लागले. "मिशीवाल्याचं दाब."

तिला वाटलं, चेष्टा करतायत. "मास्तर, तो आमच्याबद्दल काय बोलतो, ऐकलंत ना?"

"अगं, तुझ्याबद्दल थोडंच बोलतो? तू घरातली. दाब."

दुसरं बटण बोटभर अंतरावर होतं आणि मास्तरांना कुठे दिसणार होतं? पण मत त्यांचं होतं. तिने मिशीवाल्याचंच बटण दाबलं.

घरी खुर्चीत बसवताना मास्तर हळूच म्हणाले, "खरं सांग, त्याचंच दाबलंस ना?"

"त्याचंच."

"शपथ घे."

"माझ्या लेकीची शपथ, मास्तर."

मास्तरांनी तिच्या हातातून आपला हात सोडवून घेतला.

मिशीवाला निवडून आला, तोही दणक्यात. आता तरी मास्तरांची खात्री पटेल, असं तिला वाटलं. कसली पटतेय! त्या संध्याकाळी तिने नेहमीसारख्या गोळ्या पुढे केल्या, तर मास्तरांनी तोंड फिरवलं.

"आधी मुलाला दाखव."

मुलगा येईपर्यंत ती पाण्याचा पेला धरून उभी राहिली. त्याने गोळ्या उलटसुलट करून पाहिल्या. "बरोबर आहेत, बाबा." तेव्हा कुठे मास्तरांनी तोंड उघडलं. हनुवटीवर ओघळलेलं पाणी तिने आपल्या रुमालाने टिपलं.