बांधलेली कळी

"बाई, रिळाचा थोडा दोरा द्या. मऊ असेल तो," टाइमटेबलकाका कुंपणावरून म्हणाले.

शेजारच्या शिवणकामवाल्या बाईंनी मशीन थांबवलं. "कशाला? बटण तुटलं?"

"कळी बांधायचीय."

"अगंबाई! पळून चाललीय का ती?"

"उद्याच उमलेल. आणि ही रविवारी येतेय हॉस्पिटलमधून. तोवर थोपवायचीय. फुलवाले बांधतात तशी."

बाईंच्या जिभेवर आणखी एक चिमटा तयार होता. रविवारचं ऐकून त्यांनी तो गिळला आणि अख्खं रीळच पुढे केलं. काकूंना घरी का सोडताहेत, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. "घरी न्या, त्यांना आवडेल ते करा," असं डॉक्टर म्हणाले होते. डॉक्टर असं म्हणाले की पुढचं काही विचारायचं नसतं. काकांनी विचारलं होतं, "मग पुढच्या तपासणीला कधी आणू?" डॉक्टरांनी चष्मा पुसायला घेतला.

काकांचा जन्म बस डेपोत वेळापत्रकं आखण्यात गेला. पावसाळ्यात उन्हाळ्याच्या गाड्या लावायच्या, उन्हाळ्यात पावसाळ्याच्या. चालू ऋतूशी संबंध छत्रीपुरता. नाटकाला गेले की गर्दीच्या आधी निघायचं म्हणून शेवटच्या प्रवेशाला ते बाहेर जाऊन उभे राहत. काकू सगळं बघून सावकाश येत आणि घरी जाताना त्यांना शेवट सांगत.

गुलाब काकूंनी लावला होता. काकांनी कुठेतरी वाचलं की रोप आधी बळकट व्हायला हवं, म्हणून कळी दिसली की खुडायची. दोन वर्षं त्यांनी मन लावून कळ्या खुडल्या. "पुढच्या वर्षी बघ, बशीएवढी फुलं येतील!"

"अहो, एखादं यंदाचं फूल यंदा बघू द्या की," काकू म्हणायच्या.

काकू हॉस्पिटलात गेल्यावर काकांनी एक कळी राखली.

रविवारी काकू आल्या. त्यांना उचलून मागच्या दारी खुर्चीत बसवावं लागलं. उचलताना जोर लावावाच लागला नाही, तेव्हा काकांचा चेहरा उतरला.

"डोळे मीट," ते म्हणाले.

"मिटायचेच आहेत. आत्ता उघडे राहू देत."

काकांनी दोरा सोडला. कळी ढिम्म. त्यांनी फुंकर घातली. मग नखाने एक पाकळी सोडवायला गेले, तर अख्खी कळीच तळहातावर आली. आतून तपकिरी आणि ओली.

गाडी चुकलेली माणसं काकांनी जन्मभर पाहिली होती. आज ते स्वतःच तसे उभे होते.

काकू हसल्या. हसता हसता त्यांना धाप लागली. "गाडी डेपोतच ठेवलीत हो! प्रवासी कधीचे उभे होते."

"पुढच्या..." काका म्हणाले आणि थांबले.

"ते काय पिवळं?" काकूंनी हनुवटीने नळाकडे दाखवलं.

"आंबुशी. तण आहे. उपटायचं राहून गेलं."

"फुललंय ना पण?"

"संध्याकाळी मिटेल."

"आत्ता कुठे संध्याकाळ झालीय? बसा."

"तुझं औषध घ्यायचं..."

"बसा म्हणते ना."

काका खुर्चीला टेकून पायरीवर बसले. शर्टाच्या बटणाएवढं फूल. पाकळ्यांवर केसासारख्या बारीक रेघा. एक मुंगी आत शिरली. बराच वेळ दिसेना.

"आली बघा," काकू म्हणाल्या.

"आली," काका म्हणाले.

त्यांच्या संसारात उद्याचा उल्लेख नसलेलं हे बहुधा पहिलंच संभाषण.

काकूंची बोटं त्यांच्या केसांतून फिरत होती. "विरळ झाले हो. बघितलंच नव्हतं इतके दिवस."

"मीही," काका म्हणाले.

थोड्या वेळाने बोटं थांबली. काकूंना झोप लागली होती. श्वास होता, पण उथळ, मध्येच अडखळणारा. आतून दूध उतू गेल्याचा वास आला, मग करपल्याचा.

"अहो काका, दूध!" कुंपणावरून बाई ओरडल्या.

काकांनी मान न वळवता बोट ओठांवर ठेवलं. बाई पुढच्या दाराने आत आल्या, गॅस बंद केला आणि चपला हातात घेऊन परत गेल्या.

काकूंचा हात हलू नये म्हणून काकांनी मान ताठ धरली होती. नळाजवळचं ऊन भिंतीकडे सरकत होतं.