गाळाची पकड

एकोणीसशे सत्तावन्न सालचा उन्हाळा. मूल गावाजवळच्या एका खेड्यात खालचं तळं रिकामं करून गाळातले मरळ मासे हातानं चाचपून धरायचे, ही ढिवर कोळ्यांची दरवर्षीची रीत. देवाजी त्याच गाळात कमरेपर्यंत रुतला, तोंड तळ्याकडे, पाठ बांधाकडे. गुणाबाईनं नवऱ्याच्या काखेतून दोर घातला, दुसरं टोक बैलांच्या जुवाला बांधलं आणि स्वतःच बैल हाकलले. देवाजी किंचाळला. तो तसूभरही वर आला नाही. डावी मांडी मात्र कडकन वाजली.

तेवढ्यात पाणी आलं. मासेमारी उरकली असं समजून वरचं तळं राखणाऱ्या दसरूनं खालचं तळं भरायला तिथली मोरी, पाणी सोडायचं दार, उघडली होती.

"पळा रे, मोरी बंद करा!" गुणाबाई ओरडली.

नव्या शाळेचे लटारू गुरुजी धोतर खोचून चिखलात उतरले. "नोका करू. येऊ द्या पानी."

"मारता का त्याले?"

"बाई, पाय वर ओढला का त्याच्याखाली पोकळी होते. तिथं हवा शिरत नाई, अन् वरची हवा गाळाले दाबून धरते. बैलाचं बल जेवढं जास्त, तेवढी पकड घट्ट. पायाखाली पानी गेलं का ती सुटते. मंग पानीच त्याले वर उचलते."

"धडा पोरायले सांगा, गुरुजी! माहा मानूस बुडून राह्यला!"

"आईची आन, खरं हाय."

"तुमी काढला का असा कोनी?"

गुरुजींनी मान खाली घातली. "नाई. वाचलं हाय."

पाणी देवाजीच्या छातीला लागलं. मोरीपर्यंत पळत जायलाही अर्धा तास लागला असता. गुणाबाईनं दोर कापला.

गुरुजी देवाजीच्या पायालगत बांबू खुपसून हलवू लागले. तिनं त्याच्या दोन्ही काखांत तरंगायचे सुके भोपळे बांधले आणि हनुवटी तळहातावर धरली.

"जलमभर मासोया धरल्या," देवाजी पुटपुटला, "आता त्याइनंच मले धरलं, गुणे."

"गप राय."

पाणी ओठांना लागलं. उजवा पाय सुटला. डावा सुटेना. त्याच्या नाकातोंडात पाणी गेलं, डोळे फिरले. गुरुजींनी डुबकी मारून बांबू डाव्या पायाखाली सारला. एकाएकी तिच्या हातातलं ओझं हलकं झालं.

बांधावर तो बराच वेळ पाणी ओकत राहिला. डावं पाऊल कुणा दुसऱ्याचं असावं तसं बाहेर वळून पडलं होतं.

"बैल कोनं हाकलले?" त्यानं विचारलं.



"म्या," गुणाबाई म्हणाली.